दुखणे आपल्या भाषेत, मत दोन डॉक्टरांचे

सीमाभागातील मराठी माणसाच्या वाट्याला १ नोव्हेंबर १९५६ पासून काय काय आले, याची उजळणी आपण दरवर्षी करतो. शाळांचे प्रश्न, उताऱ्याची भाषा, बसवरील पाट्या, पंचायतीच्या नोटिसा या सर्वांवर भाषणे झाली, निवेदने दिली गेली, ठराव झाले. या यादीत दवाखान्याचे नाव मात्र क्वचितच येते. वास्तविक भाषेच्या बाबतीत माणूस सर्वांत अगतिक कोठे होत असेल, तर तो दवाखान्याच्या बाकावर. उतारा चुकीचा निघाला तर तो दुरुस्त करून घेता येतो. दुखणे चुकीचे लिहिले गेले, तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. पण गावच्या शाळेत आयुष्य काढलेल्या आणि समितीच्या कामात वावरलेल्या माणसाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसेच दवाखान्याचे कागद वाचून घ्यायलाही येतात. गेल्या अनेक वर्षांत आमच्यापुढे जे कागद आले, त्यांत छातीच्या दुखण्याचे कागद सर्वाधिक होते. खोकला, धाप, एक्स-रेमधील डाग, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "गुरुजी, ह्यो डॉक्टर म्हणतोय ते खरं का? अजून कुणाला दाखवावं?" या प्रश्नाचे उत्तर शांतपणे एकदा लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

आपल्या भागातील धूळ आणि धूर

छातीच्या दुखण्याचा विचार आपल्या भागापुरता करायचा, तर तो धुळीपासूनच केला पाहिजे. निपाणी म्हणजे तंबाखू, हे समीकरण सर्वांना ठाऊक आहे. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तो इतिहास आपण विसरलेलो नाही. त्याच काळात वखारीत तंबाखू झोडपणाऱ्या, चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायाही प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. पुढे १९८२ साली त्यांच्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपटही निघाला. वखारीतील भुकटी डोळ्यांत, नाकात, घशात जाते. पदर तोंडाला बांधला तरी ती थांबत नाही. नवख्या माणसाला वखारीच्या दारातच ठसका लागतो, आणि तेथे वीस-तीस वर्षे काढलेल्या बाईला खोकला हा आजारच वाटेनासा होतो.

निपाणीची भुकटी तशी बेळगावची वाळू. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीतील फाऊंड्र्यांमध्ये साच्यांची वाळू असते. तिच्यातील सिलिकाचा बारीक कण फुफ्फुसात जाऊन बसला की तो निघत नाही. त्याभोवती व्रण धरत जातात, यालाच सिलिकोसिस म्हणतात. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांत सुताचा कोंडा आहे. गुऱ्हाळावर चुलवणाचा धूर आहे, आणि चिपाड ओले राहून त्यावर बुरशी धरली तर त्या बुरशीच्या धुळीनेही फुफ्फुसाला सूज येते. घरोघरच्या चुलीचे तर काय सांगावे! आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायकांना विडी ओढणाऱ्यांसारखा दम्याचा जुनाट विकार होतो, त्याला बहुतांशी ही चूल कारणीभूत असते.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की क्षय, दमा, धुरामुळे जडलेला श्वासनलिकांचा जुनाट विकार (यालाच डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात), सिलिकोसिस आणि फुफ्फुसे आखडत नेणारे इतर विकार या सर्वांची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते, "खोकला आहे आणि चढ चढताना धाप लागते." वाक्य एक, दुखणी पाच, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे! क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या, दम्याला श्वासातून घ्यायचे औषध, सिलिकोसिसला आधी ते काम सोडणे. सिलिकोसिस झालेल्या कामगाराला क्षय होण्याचा धोकाही इतरांहून बराच जास्त असतो, म्हणजे दोन दुखणी एकाच छातीत नांदू शकतात. शिवाय सिलिकोसिस हा कायद्याने व्यावसायिक रोग मानला आहे आणि त्यावर भरपाई मागता येते. केसपेपरवर 'दमा' लिहिले तर तो हक्क तेथेच बुडाला. रोगाचे नाव बरोबर पडणे किती महत्त्वाचे, हे यावरून ध्यानात यावे.

कफ म्हणजे काय?

आता भाषेकडे वळू. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर देशभरातून येतात. कोणी कन्नड, कोणी हिंदी, कोणी मल्याळी. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. उलट, हुबळी-धारवाडकडून येऊन सहा महिन्यांत चांगले मराठी बोलू लागलेले कन्नड भाषक डॉक्टर आम्ही पाहिले आहेत आणि मराठी असून रोग्याशी दोन शब्द न बोलणारेही पाहिले आहेत. प्रश्न आपुलकीचा जितका, तितकाच शब्दांचाही आहे.

एकच शब्द घेऊ. डॉक्टर विचारतो, "कफ है क्या?" त्याच्या मनात इंग्रजीतला 'कफ' असतो, म्हणजे खोकला. आपल्या म्हाताऱ्याच्या मनात मराठीतला कफ असतो, म्हणजे बेडका. त्याला कोरडा खोकला असेल तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, आणि कागदावर 'खोकला नाही' अशी नोंद होते. उलटही घडते. "कफ आहे" म्हटले की डॉक्टर खोकला समजतो, आणि बेडका पडतो हे कोणाच्या लक्षातच न आल्याने थुंकीची तपासणी राहून जाते. थुंकीची तपासणी राहिली की क्षयाचा सर्वांत खात्रीचा पुरावा हातचा जातो.

दुसरा शब्द 'दम'. आपण म्हणतो, "दम लागतो." त्याचा अर्थ एवढाच की श्वास पुरत नाही. त्याला कारणे दहा असतील: रक्त कमी असेल, हृदय कमजोर असेल, फुफ्फुसात पाणी असेल. कन्नडमध्ये 'दम्मु' म्हणजे दमा. घाईच्या ओ.पी.डी.मध्ये "दम आहे" या दोन शब्दांवर 'दमा' हे निदान चिकटून बसणे अशक्य नाही.

म्हणून दवाखान्यात जाताना दुखण्याचे नाव सांगू नये, दुखण्याचे वर्णन सांगावे. "दमा झालाय" असे न म्हणता "पूर्वी स्टँडपासून घरापर्यंत न थांबता यायचो, आता दोनदा बसावे लागते" असे सांगावे. "कफ" न म्हणता "खोकला" आणि "बेडका" हे दोन शब्द वेगवेगळे वापरावेत. बेडक्याचा रंग, त्यात रक्त आहे की नाही, खोकला रात्री वाढतो की पहाटे, वजन घटले का, संध्याकाळी ताप येतो का, हे एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. कन्नड डॉक्टर असतील तर चार शब्द पाठ असलेले बरे: खोकल्याला केम्मु, श्वासाला उसिरु, छातीला एदे, धुराला होगे. तंबाखूला कन्नडमध्ये होगेसोप्पु म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. शेजारच्या भाषेतील चार शब्द शिकल्याने आपल्या भाषेचा मान कमी होत नाही. आणि जो डॉक्टर आपले चार शब्द शिकतो, त्याच्यावरचा आपला विश्वास वाढतो, हे अनुभवाचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "मी काय काम करतो" हे विचारले नाही तरी सांगावे. वखार, फाऊंड्री, माग, क्रशर, गुऱ्हाळ, घरातली चूल, घरावर बसणारे पारवे, सारे सांगावे. छातीचा चांगला डॉक्टर हे स्वतःहून विचारतोच.

वखारीतील एका बाईची गोष्ट

निपाणीजवळच्या एका गावातील बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, वीस वर्षे तंबाखूच्या वखारीत. खोकला आणि धाप. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला, आणि थुंकी न तपासता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने गोळ्या झाल्या, गुण नाही. वर्षाने पुन्हा एक्स-रे, पुन्हा तोच डाग, पुन्हा गोळ्या. मधल्या काळात घरात तिचे ताट-वाटी वेगळी झाली, नातवाला तिच्याजवळ जाऊ देईनात. मुलीच्या सासरी कुजबुज सुरू झाली.

समितीतील एक सहकारी तिला घेऊन दुसऱ्या शहरातील छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी आधी पाव तास कामाची चौकशी केली, मग जुने आणि नवे एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहिले. डाग तसूभरही हलला नव्हता. थुंकीची आधुनिक तपासणी झाली, त्यात क्षयाचे जंतू नाहीत. नळीत जोराने फुंकण्याची चाचणी झाली, त्यात श्वासनलिका आकुंचित असल्याचे दिसले. निदान झाले: धूळ आणि चुलीचा धूर यांनी जडलेला जुनाट विकार. डाग होता तो केव्हातरी होऊन गेलेल्या, भरून आलेल्या दुखण्याचा व्रण. तिला 'पंप' मिळाला, चूल बंद करून गॅस वापरण्यास सांगितले. दोन महिन्यांनी ती आम्हाला भेटली तेव्हा बोलताना थांबत नव्हती. म्हणाली, "गुरुजी, मग वरीसभर गोळ्या गिळल्या त्या कशाच्या म्हणायच्या?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. परंतु पहिल्या डॉक्टरांना खलनायक ठरविणेही योग्य नाही. ज्या देशात क्षय एवढा पसरलेला आहे, तेथे डाग दिसला की आधी क्षय आठवणारच. म्हणूनच दुसरे मत लागते. एका माणसाच्या नजरेतून जे सुटते, ते दुसऱ्याच्या नजरेला पडते. वही तपासताना आम्ही शिक्षकही दहावीचे पेपर दोन माणसांकडून पाहून घेतो. मग जिवाचा पेपर एकाच नजरेवर का सोडावा?

छातीचा डॉक्टर कसा ओळखावा?

पाटीवर 'दमा व छाती तज्ज्ञ' लिहिले म्हणजे माणूस तज्ज्ञ होत नाही. पाटीखालची पदवी वाचावी. एम.बी.बी.एस.नंतर 'एम.डी. (क्षय व ऊररोग)' अथवा आजच्या नावाने 'एम.डी. (रेस्पिरेटरी मेडिसिन)', तसेच त्याच विषयातील डी.एन.बी. किंवा डी.टी.सी.डी. ही पदविका असली, की त्या व्यक्तीने छातीच्या रोगांचे स्वतंत्र शिक्षण घेतले आहे असे समजावे. प्रत्येक डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. तो चिठ्ठीवर छापलेला असावा लागतो आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत तो पडताळता येतो. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाला सांगितले तर मोबाईलवर पाच मिनिटांत तो पाहून देईल.

पदवी ही पहिली पायरी. विश्वासाची खरी परीक्षा पुढे आहे. डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. माझ्या दुखण्याचे नाव काय? ते कोणत्या तपासणीवरून ठरले? याऐवजी दुसरे काही असू शकेल का? औषध किती दिवस, आणि गुण न आल्यास केव्हा परत यायचे? या चार प्रश्नांना जो डॉक्टर न चिडता, आपल्याला कळेल अशा भाषेत उत्तर देतो, तो विश्वासाचा. जो "तुला काय कळतंय?" म्हणतो, त्याची पदवी कितीही मोठी असो, दुसरीकडे जाण्यास हरकत नाही.

आपल्या भागात सोयी नाहीत असे म्हणता येत नाही. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न के.एल.ई.चे रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडून २००५ साली बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन रुग्णालयाची आणि वॉन्लेसवाडीच्या क्षय आरोग्यधामाची परंपरा आहे. तेथेच १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आणि २००० साली सुरू झालेले राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गर्दी असते, थांबावे लागते. पण तेथे छातीच्या रोगांचा स्वतंत्र विभाग असतो, कमी खर्चात तपासण्या होतात, आणि एका रोग्यावर चार माणसे विचार करतात. दुसऱ्या मतासाठी गरीब माणसाला याहून चांगली जागा नाही.

कोल्हापूरचे नाव निघाले म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर झाली होती. त्या कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा घास घेतला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच शोधला होता, पण त्यावर औषध नव्हते. आज औषध आहे, तपासणी आहे, दोन्ही सरकारी दवाखान्यांत फुकट आहेत. आज आपल्या भागातील कोणी लेक क्षयाने गेली तर तिच्या मृत्यूला औषधाचा अभाव हे कारण सांगता येणार नाही.

दुसरे मत केव्हा, कसे?

प्रत्येक सर्दी-पडशाला दुसरे मत नको. पण पुढील प्रसंगी ते अवश्य घ्यावे. थुंकी न तपासता केवळ एक्स-रेवर क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर. औषध नियमित घेऊनही दोन महिन्यांत काडीचा फरक नसेल तर. कर्करोगाचा संशय, फुफ्फुसाचा तुकडा काढणे किंवा शस्त्रक्रिया सांगितली असेल तर. स्टेरॉइडच्या गोळ्या अनेक महिने घ्यायला सांगितल्या असतील तर. आणि 'फुफ्फुसे आखडली आहेत, उपाय नाही' असे सांगून घरी पाठविले असेल तर.

जाताना सर्व कागद न्यावेत. जुने एक्स-रे फेकू नयेत, कारण नव्यापेक्षा जुना एक्स-रे कधी कधी जास्त बोलतो. सी.टी. स्कॅनचा लेखी अहवाल पुरत नाही, त्याची फिल्म किंवा सी.डी. न्यावी, म्हणजे दुसरा डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. तुकडा काढून तपासला असेल तर काचपट्टीही मागून नेता येते. घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाकावीत. आणि पहिल्या डॉक्टरांचे नाव लपवू नये. लपवल्याने दुसऱ्या डॉक्टरांना अर्धी माहिती मिळते आणि अर्ध्या माहितीवर पूर्ण मत कसे मिळेल?

तपासण्यांबद्दल दोन शब्द. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी, हा सरकारी नियमच आहे. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीपेक्षा सी.बी.नॅट आणि ट्रूनॅट या नव्या तपासण्या अधिक अचूक आहेत. काही तासांत निकाल मिळतो आणि क्षयाचे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळते. ट्रूनॅटचे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने बनविलेले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. नळीत फुंकण्याची चाचणी औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर अशी दोनदा करतात. औषधानंतर श्वासनलिका चांगल्या मोकळ्या झाल्या तर दम्याकडे बोट जाते, फारशा मोकळ्या झाल्या नाहीत तर जुनाट विकाराकडे. ही चाचणी न करता कोणी वर्षानुवर्षे दम्याचे औषध देत असेल तर ती करून देण्याची विनंती करावी.

दोन डॉक्टरांची मते जुळली नाहीत तर घाबरू नये. कोणता मोठा, कोणाची गाडी मोठी, यावरून निर्णय करू नये. दोघांनाही एकच विचारावे, "हा वाद कोणत्या तपासणीने मिटेल?" बहुधा तशी एखादी तपासणी असते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. दुसरे मत मिळेपर्यंत पहिले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. स्टेरॉइड एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. आणि खोकल्यातून भरपूर रक्त पडले, ओठ निळे पडले, बसल्या जागी श्वास पुरेनासा झाला, तर दुसरे-तिसरे मत बाजूला ठेवून जवळचा दवाखाना गाठावा.

दुसरे मत की मनासारखे मत?

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. बेळगाव तालुक्यातील एका गावातील तरुण, फाऊंड्रीत कामाला. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. घरात लग्नाची बोलणी चालू होती. वडील म्हणाले, "आमच्या घराण्यात हा रोग नाही." मग दुसरे मत, तिसरे मत, आणि अखेर "छातीत कफ साठलाय" असे म्हणून बाटली देणारा एक जण सापडला. तोच डॉक्टर घरच्यांना भला वाटला! चार महिने गेले. तोपर्यंत मुलाचे वजन उतरले आणि घरातील लहान पुतणीला लागण झाली. आता दोघेही औषधाने बरे झाले आहेत, पण त्या चिमुरडीला सहा महिने गोळ्या गिळाव्या लागल्या, त्या मोठ्यांच्या अब्रूपायी.

मनासारखे ऐकायला मिळेपर्यंत दवाखाने बदलणे याला दुसरे मत म्हणत नाहीत. थुंकीत जंतू सापडले हा पुरावा आहे. त्यावर मत चालत नाही, उपचार चालतात. पूर्वी क्षय म्हणजे आरोग्यधामात जाऊन पडणे असे. मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या प्रसिद्ध प्रयोगाने दाखवून दिले की घरी राहून नियमित औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. तेव्हा निदान पक्के झाले की गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून घ्याव्यात, त्यासाठी मुंबई-पुण्याला धावू नये. पोषणासाठी केंद्र सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये खात्यात देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले आहेत. नोंद देशभर एकच असल्याने निपाणीत सुरू झालेले औषध कोल्हापुरात कामाला गेल्यावर तेथेही चालू ठेवता येते. जंतूला सीमा कळत नाही, औषधानेही ती मानलेली नाही.

हक्क कागदावर आहेत, तोंडावर यावेत

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली ती राज्यांकडे पाठविली. रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळावी, त्याच्या कागदांच्या प्रती दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत मिळाव्यात, आणि त्याला पसंतीच्या डॉक्टरांचे दुसरे मत घेता यावे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. दुसरे मत मागितले म्हणून वागणुकीत फरक करणे हा मानवी हक्कांचा भंग ठरतो. वैद्यक सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. पुरेशी माहिती देऊन घेतलेलीच संमती खरी, हे त्याच न्यायालयाने २००८ सालच्या समीरा कोहली खटल्यात सांगितले.

तेव्हा संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ते वाचून, मराठीत समजावून घ्यावे, आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे, 'मला मराठीत समजावून सांगितले.' कोणी समजावून सांगितले नसेल तर ते वाक्य लिहू नये, आणि घाईने सहीही करू नये. सरकारी दवाखान्याविरुद्ध तक्रार असेल तर ती मराठीतून देता येते. घटनेच्या ३५० व्या कलमाने संघराज्यात अथवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे.

खर्चाचेही बोलले पाहिजे. कर्नाटकातील बीपीएल कार्डधारकांना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा आधार आहे. त्यासाठी तातडीचा प्रसंग नसल्यास सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी लागते, ती आधी घ्यावी. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. हा वाद राज्यकर्ते मिटवतील तेव्हा मिटवोत. रोग्याने भरती होण्यापूर्वी रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर कार्ड दाखवून, लाभ मिळणार की नाही, हे विचारून घ्यावे.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावात दोन-चार तरुण असे असावेत, ज्यांना मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा येतात. आठवड्यातून एक दिवस त्यांनी रोग्याबरोबर दवाखान्यात जावे. बोलणे त्यांनी करावे, निर्णय मात्र रोग्याचाच राहू द्यावा. वखारीत काम करणाऱ्या बायांच्या घरी एक्स-रे आणि चिठ्ठ्या ठेवण्यासाठी एक जाड पिशवी असावी, आणि त्यांवर तारखा घातलेल्या असाव्यात. वाचनालयाच्या फलकावर जवळच्या थुंकी तपासणी केंद्राचा पत्ता आणि वार लिहावा. गणपतीच्या वर्गणीतून एखाद्या गरिबाच्या कोल्हापूर-मिरजेच्या फेरीचे भाडे निघाले तर गणपती रागावणार नाही.

शाळेत आम्ही मुलांना रोज सांगतो की प्रश्न विचारायला लाजू नका. तीच मुले मोठी होऊन आईबापांना घेऊन दवाखान्यात जातात आणि डॉक्टरांपुढे मुकाट उभी राहतात. आपण भाषेसाठी एवढा आग्रह धरतो, तो कशासाठी? आपल्या माणसाला आपले सुख-दुःख नीट सांगता यावे आणि समोरच्याचे नीट समजावे, यासाठीच ना? मग "साहेब, हे मला माझ्या भाषेत सांगा" आणि "मी आणखी एका डॉक्टरांना दाखवून येतो, कागद द्या" ही दोन वाक्ये आपल्या घराघरांत पाठ झाली पाहिजेत. ती नम्रपणे म्हणावीत, हात जोडून म्हणावीत, पण म्हणावीत. वखारीतील आणि फाऊंड्रीतील आपली माणसे वर्षानुवर्षे धूळ गिळत आली आहेत. त्यांना निदान आपल्या दुखण्याचे खरे नाव तरी कळले पाहिजे.